घोलपवाडीतलं फूल

मायक्रोस्कोपला हळदकुंकू लावू नका, लेन्सवर उडतं, असं हट्टंगडी मॅडम दरवर्षी खंडेनवमीला सांगायच्या आणि दरवर्षी पहिलं बोट स्वतःच लावायच्या. त्या वर्षीही तसंच झालं. आमच्या लांबट प्रयोगशाळेत सकाळपासून झेंडूचा वास सुटला होता. सेंट्रिफ्यूजला हार, फ्रीजच्या दांड्याला आंब्याचा टाळा आणि पेशी मोजायच्या परदेशी यंत्रापुढे नारळ. त्या यंत्राला हात लावायची एरवी आम्हा विद्यार्थ्यांना चोरी होती, त्या दिवशी मात्र सगळ्यांनी त्याला मनसोक्त नमस्कार करून घेतला.

ही सगळी मांडामांड भालेकरमामांची. एकनाथ भालेकर आमच्या संस्थेच्या प्राणीघरात उंदरांची देखभाल करायचे. मूळचे मुळशीकडचे, अंगाने काटक, बोलायला मऊ. इतकी वर्षं काम करूनही ते कंत्राटीच होते. पण त्या डिसेंबरच्या बैठकीत त्यांना कायम करायचं जवळजवळ ठरलं होतं आणि मॅडमनी तसा शब्द दिला होता. मामींनी तर गावाकडे पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले होते.

आरती झाली, प्रसाद वाटून झाला आणि मामा मॅडमसमोर येऊन उभे राहिले.

"मॅडम, एक इच्छा व्हती. आत एक फूल ठिवू का? समद्या यंत्रांची पूजा झाली, मग उंदरांनीच कुनाचं काय घोडं मारलंय?"

सगळे हसले. मॅडमही हसल्या. म्हणाल्या, "मामा, आत फूल गेलं तर तुम्ही, मी, उंदीर, सगळेच घरी." मामाही हसले आणि ते फूल त्यांनी प्राणीघराच्या बाहेरच्या दाराला, कडीत खोचलं. पिवळं होतं की केशरी, हे मला तेव्हा कुणी विचारलं असतं तर सांगता आलं असतं.

आत म्हणजे आतली खोली. ती स्वच्छ खोली म्हणून ओळखली जायची, मामा तिला मॅडमचं सोवळं म्हणायचे. आत जायचं तर आधी आंघोळ, मग वाफेवर निर्जंतुक केलेले कपडे, टोपी, मास्क, हातमोजे. उंदरांचा भुसा, खाणं, पाणी सगळं वाफेच्या यंत्रातून जायचं. बाहेरचा एकही रोगजंतू आत येता कामा नये, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. त्या दिवशी मामांनी पहाटे बाजारातून फुलं आणली होती, गाईच्या शेणाने पुढची पायरी सारवली होती, त्यामुळे नियमाने त्यांना त्या दिवशी आत जाता येत नव्हतं. त्यांनीच मला सांगितलं, "ताई, आज माझं हात बाटलं. आज तुमीच जावा." मी गेले, उंदरांना खायला घातलं, पाणी बदललं, बाहेर येऊन कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. मामा आणि मी एकदमच निघालो. ते सायकल हातात धरून माझ्याबरोबर स्टॉपपर्यंत चालत आले, कारण मामींच्या हातच्या भाकरीचं त्यांना कौतुक सांगायचं होतं.

आत तिसऱ्या मांडणीवर माझे उंदीर होते. काळे, चकचकीत, लहानखुरे. त्यांच्यातला एक जनुक काढून टाकलेला होता. परदेशातल्या एका प्रयोगशाळेने मॅडमच्या ओळखीवर मोठ्या मिनतवारीने एक जोडी दिली होती, तिचा विस्तार मी आणि मामांनी मिळून केला. प्रयोगशाळेतले टवाळ त्या मांडणीला घोलपवाडी म्हणायचे, कारण माझं आडनाव घोलप. मामा मला रोज खबर द्यायचे, वाडीत आज पाळणा हलला, वाडीत आज भांडण झालं. ते उंदीर जगले तर माझी पीएच.डी., नाहीतर काही नाही, इतका सरळ हिशेब होता.

आता थोडं त्या पेशींविषयी सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आपल्या रक्तात टी-पेशी असतात, त्या रोगजंतूंशी लढतात. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी आहे, तिथे त्या वाढतात आणि बाहेर पडतात तेव्हा कोऱ्या असतात. एखाद्या जंतूशी गाठ पडली, लढाई झाली, की त्यातल्या काही मागे उरतात आणि त्या जंतूची आठवण ठेवतात. त्यांच्या अंगावर तशी खूण उमटते. पेशी मोजायच्या यंत्रात त्या घातल्या की पडद्यावर प्रत्येक पेशीचा एक ठिपका उमटतो. कोऱ्या डावीकडे, आठवणीच्या उजवीकडे. मॅडम नव्या विद्यार्थ्यांना हे शिकवताना फळ्याकडे पाठ करून एक वाक्य म्हणायच्या. ते आम्हाला पाठ होतं.

"आठवण आहे म्हणजे भेट झालेली आहे. पेशी खोटं बोलत नाही."

दिवाळीनंतर मी माझ्या उंदरांच्या पेशी यंत्रात घातल्या. हे उंदीर कोणत्याही जंतूला कधी न भेटलेले, तुलनेसाठी राखलेले. सगळे ठिपके डावीकडे यायला हवे होते. पडद्यावर उजवीकडे ढग जमला. दाट, काळा. मला वाटलं मी नळ्यांची अदलाबदल केली. पुन्हा केलं, पुन्हा तोच ढग. शेजारच्या मांडणीवरच्या साध्या उंदरांत तो नव्हता, फक्त माझ्यांत होता.

मॅडमनी पडद्याकडे बघितलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आत काहीतरी शिरलंय, सुनेत्रा."

मी म्हटलं की साधे उंदीर स्वच्छ आहेत, तेही त्याच खोलीतले आहेत. त्या म्हणाल्या, तुझ्या उंदरांत जनुक कमी आहे, ते कमजोर, म्हणून लागण त्यांनाच झाली. हे पटण्यासारखं होतं. रक्ताच्या तपासण्या केल्या, त्यांत एकही जंतू सापडला नाही. त्यावर मॅडम म्हणाल्या की आपण ज्यांची नावं घेऊन शोधतो तेवढेच सापडतात. हेही खरंच होतं. मग मी शेवटचं हत्यार काढलं. माझ्या चार आणि साध्या चार उंदरांना बाहेरच्या खोलीत नेऊन आम्ही मुद्दाम एक जंतू टोचला. साध्या उंदरांनी अंग टाकलं, माझे कमजोर उंदीर पहिल्याच दिवशी सावरले. टी-पेशींना कामाला लागायला एरवी आठवडा लागतो, शरीराची जन्मजात पहिली फळी तोवर एकटी लढते. माझ्या उंदरांत ह्या पेशी पहिल्याच फळीत जाऊन उभ्या राहिल्या होत्या. मला हर्ष झाला. मी धावत मॅडमकडे गेले.

"बघ," त्या हळू म्हणाल्या. "तयारीत आहेत. म्हणजे आधी काहीतरी भेटलेलंच आहे."

मॅडम मूर्ख नव्हत्या, हे मला इथेच सांगून टाकायचं आहे. त्यांच्याइतकी स्वच्छ डोक्याची बाई मी नंतर पाहिली नाही. जगभरच्या पुस्तकांत तेव्हा तेच लिहिलेलं होतं जे त्या बोलत होत्या. अडचण एवढीच की एकदा चोर आत शिरलाय असं धरून चाललं की दाराचं कुलूप शाबूत आहे हाही चोराच्या हुशारीचा पुरावा ठरतो.

मग प्रश्न आला की काय शिरलं आणि कुणी आणलं. आणि कुणाला तरी खंडेनवमीचं ते फूल आठवलं.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली, असं मी त्या दिवसांत दहा जणांना तरी सांगितलं असेल. पण मामांनी सगळ्यांदेखत विचारलं होतं, आत एक फूल ठेवू का. ते वाक्य प्रत्येकाच्या कानात होतं. बाजारातला झेंडू, त्यावर कुठल्या कुठल्या घुशी-उंदरांनी तोंड लावलेलं. शास्त्रज्ञांच्या संस्थेत एका फुलावरून गदारोळ माजला, आणि हार घालणारे आम्हीच सगळे, त्यामुळे तो जास्तच माजला. ज्यांनी नवमीला यंत्रापुढे डोळे मिटून हात जोडले होते तेच आता म्हणायला लागले की असल्या भाबडेपणापायीच देश मागे राहिला.

तिघांची समिती नेमली. मॅडम, एक प्राण्यांचे डॉक्टर आणि एक कार्यालयातले गृहस्थ. मामांना मॅडमच्या खोलीत बोलावलं. मी साक्षीला होते, माझेच उंदीर म्हणून.

पहिल्या दिवशी मामांनी साफ सांगितलं. "न्हाय जी. मी आत गेलोच न्हाय. त्या दिशी ताई गेल्या व्हत्या." मीही सांगितलं. त्या दिवशी आत फक्त मी गेले, किल्ली माझ्या पर्समध्ये होती, आम्ही दोघं एकदम बाहेर पडलो. कार्यालयातले गृहस्थ म्हणाले, दुसरी किल्ली पहारेकऱ्याकडे असते. आणि बाई, तुमचा प्रबंध अडकलाय, तुम्ही हे म्हणणारच. मला एवढा संताप आला की मी चहाचा कप तसाच ठेवून उठले. मॅडमनी मला हाताने खाली बसवलं.

कुणी मामांना दरडावलं नाही, हीच त्यातली वाईट गोष्ट. दरडावलं असतं तर ते ताठ राहिले असते. मॅडम त्यांच्याशी फार मायेने बोलल्या. म्हणाल्या की मामा, कुणी रागावणार नाही, तुमची नोकरी कुठे जात नाही, फक्त आठवून बघा. काय आत गेलं ते कळलं तर आपण जंतू शोधू शकू, बाकीच्यांचे प्राणी वाचतील. तुम्ही मुद्दाम केलं असं कोण म्हणतंय? माणूस श्रद्धेने करतो आणि विसरतो. शांतपणे डोळे मिटा आणि आठवा.

मामांनी खरोखरच डोळे मिटले. मॅडमनी सांगितलं म्हणजे ते करणारच.

पहिल्या दिवशी काही आठवलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावलं. तेव्हा ते म्हणाले, "मनात लई व्हतं जी ठिवायचं. पर ठिवलं न्हाय वाटतं." तो ‘वाटतं’ ऐकून डॉक्टरांनी मान वर केली. तिसऱ्या दिवशी म्हणाले की टोपीत एक फूल होतं असं वाटतंय. पुढच्या बैठकीत ते फूल टोपीतून मांडणीपर्यंत गेलं. आठवड्याभरात त्याला जागा मिळाली, तिसरी मांडणी, खालून दुसरा कप्पा, पिंजऱ्याच्या मागे. मग एका उंदराने तोंड जाळीला लावून त्याची पाकळी ओढली, तेही आलं.

मी त्यांना बाहेर व्हरांड्यात गाठलं. मला वाटत होतं ते मॅडमचा शब्द राखायला, कायम होण्यासाठी, हो ला हो म्हणताहेत. तसं असतं तर मला चाललं असतं. मी म्हटलं, "मामा, हे काय चालवलंय? तुम्ही कुठे गेला होतात आत? आपण बरोबर निघालो होतो. भाकरीचं सांगत होतात तुम्ही मला."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर खोटं बोलणाऱ्या माणसाचं काहीही नव्हतं.

"ताई, पयले मलाबी तसंच वाटायचं," ते म्हणाले. "पर आता आठिवतंय."

"काय आठवतंय?"

"समदं. त्या पाकळीचा आवाजबी."

मी समितीपुढे पुन्हा जाऊन भांडले. मॅडमनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सुनेत्रा, माणूस आपल्याविरुद्ध जाईल अशी गोष्ट उगाच आठवत नाही." मग त्यांनी मला जवळ घेतलं. त्यांनाही रडू येत होतं. तेही खरंच होतं.

अनोळखी जंतू शिरलेली खोली रिकामी करायची, असा नियम. सगळे प्राणी मारायचे, खोली औषधाच्या धुराने भरायची, मग पुन्हा नव्याने. बाकीच्यांचे उंदीर पुन्हा विकत मिळण्यासारखे होते. माझे नव्हते. आम्ही अजून त्यांचे गर्भ गोठवून ठेवायला सुरुवातही केली नव्हती, आणि त्या परदेशी प्रयोगशाळेने ते वाण मोडलं होतं. मी मॅडमकडे एका जोडीसाठी पदर पसरला. एक जोडी वेगळ्या खोलीत ठेवा, मी तिथे राहते, तिथे जेवते. त्या म्हणाल्या की नाही, एकाला सूट दिली की नियम उरत नाही. मी त्यांच्या जागी असते तर मीही तेच म्हटलं असतं, आणि म्हणूनच मला त्यांच्यावर धड रागावताही आलं नाही.

मारायचं काम देखभाल करणाऱ्याचं. म्हणजे मामांचं.

काचेची पेटी असते. तिच्यात उंदीर ठेवायचे, झाकण लावायचं आणि नळीतून वायू सोडायचा. त्यांना गुंगी येते, मग श्वास थांबतो. त्रास होत नाही असं म्हणतात. मामा एकेक पिंजरा उचलून आणत होते. कुणाला शेपटीने धरलं नाही, प्रत्येकाला दोन्ही तळहातांत घेऊन आत ठेवलं. इतर मांडण्या झाल्या आणि घोलपवाडी राहिली. तिथे पोहोचल्यावर ते थांबले आणि म्हणाले, ताई, तुमी बाहीर जावा. मी गेले नाही. त्यात पंधरवड्यापूर्वीचं एक वेत होतं, डोळे नुकते उघडलेली पिल्लं. ती त्यांनी आईसकट आत ठेवली. पेटीच्या काचेवर वाफ धरली, ती त्यांनी बाहीने पुसली, आतून पुसायची असते हे लक्षात येईपर्यंत पुसत राहिले.

"माज्या एका फुलापायी," ते म्हणाले. मग नळी उघडली.

डिसेंबरच्या बैठकीत मामांना कायम केलं नाही. मॅडमनी शब्द टाकला होता, तो खाली पडला. शिस्तभंग ज्याने स्वतः कबूल केलाय त्याला कायम कसं करायचं, असं कार्यालयातल्या गृहस्थांनी विचारलं. जानेवारीत मामांना येऊ नका म्हणून सांगितलं. ते कुणालाही न भेटता गेले. पहारेकऱ्याकडे माझ्यासाठी एक पिशवी ठेवून गेले, तिच्यात मामींच्या हातच्या भाकऱ्या होत्या आणि लसणाची चटणी.

मी आणखी काही महिने तग धरला. नवा विषय, नवे उंदीर, पण हात चालेना. शेवटी नगरच्या एका कॉलेजात शिकवायला लागले आणि तिथेच मुरले. लग्न, मुलगा, पेपर तपासणं. पीएच.डी. राहिली ती राहिलीच. घरी कुणी तो विषय काढत नसे.

त्यानंतर पुष्कळ वर्षांनी कॉलेजने मला पुण्याला शिक्षकांच्या कार्यशाळेला पाठवलं. दुपारची वेळ, जेवण झालेलं, निम्मे शिक्षक पेंगत होते. एक तरुण व्याख्याती पडद्यावर चित्रं दाखवत होती. एकदम माझा ढग आला. उजवीकडे, दाट, काळा. मी पेन खाली ठेवलं.

ती सांगत होती की टी-पेशींना आठवणीचं रूप यायला जंतू भेटावाच लागतो असं पूर्वी समजत. आता ठाऊक आहे की काही पेशी तशाच घडतात. थायमसमध्येच, शेजारच्या पेशींनी सोडलेल्या संदेशांमुळे. काही रक्तात आल्यावर, शरीराच्या स्वतःच्याच खुणांना हलका प्रतिसाद देत देत. अगदी निर्जंतुक, एकही जंतू कधी न पाहिलेल्या उंदरांतही त्या असतात. काही जनुक काढले तर फार वाढतात. दिसायला हुबेहूब आठवणीच्या पेशी, पण आठवण कसलीच नाही. आणि निरुपयोगीही नाहीत, खरा जंतू आला की त्या जन्मजात पहिल्या फळीबरोबर पहिल्याच दिवशी लढायला उभ्या राहतात.

शेवटी प्रश्न विचारायला मी उभी राहिले. मी विचारलं, म्हणजे आत काही शिरलेलं नसतं? बाहेरून कुणी काही आणलेलं नसतं?

ती गोड हसली. "नाही मॅडम. काही म्हणजे काहीच नाही."

हट्टंगडी मॅडम तोवर राहिल्या नव्हत्या. सांगायला एकच माणूस उरला होता. दुसऱ्या दिवशीचं सत्र बुडवून मी मुळशीकडची एसटी पकडली. गाडीत मी मनाशी वाक्यं जुळवत होते. मला आनंद झाला होता, तो लपवायचं कारण नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी दिली होती, आणि आता कळलं होतं की चोर नव्हताच. एवढी गोष्ट एका माणसाच्या पदरात टाकायला मी निघाले होते.

गावात घर सापडायला वेळ लागला नाही. मामा ओट्यावर बसलेले, पार वाळलेले, पण ओळखले लगेच. "वाडीवाल्या ताई," म्हणाले. मामींनी पाणी आणलं. दसरा आठवड्यावर आला होता, गावात दारोदारी झेंडू फुललेला, ह्यांच्या अंगणात एक रोप नव्हतं. मी विचारलं तर मामी हलकेच म्हणाल्या, की ह्यांना चालत न्हाय, वास आला तरी उठून जात्यात. खंडेनवमीला घरातली विळी-कोयतीसुद्धा पुजू देत न्हाईत. आन् दिवसातनं किती येळा हात धुत्यात, बगा की, सालडी निघाल्यात.

मी मामांच्या समोर बसले आणि सगळं सांगितलं. सावकाश, जसं वर्गात सांगते त्याहून सोपं करून. त्या पेशी आपोआप तशा होतात. जन्मापासून. जंतू लागत नाही, फूल लागत नाही. आपले उंदीर निरोगी होते, मामा. आत काहीही गेलं नव्हतं. तुम्ही काहीही केलं नव्हतं.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मधेच दोन प्रश्न विचारले, दोन्ही बरोबर. म्हणजे त्यांना समजलं होतं. मी वाट पाहत होते. ते रडतील, किंवा हसतील, किंवा मॅडमना शिव्या देतील, काहीही चाललं असतं.

"आजारी नव्हती?" त्यांनी विचारलं.

"नव्हती."

"एकबी?"

"एकही नाही, मामा."

"मग मारली कशापायी?"

मी दुसऱ्या वाक्यांची तयारी करून आले होते.

त्यांनी आपले तळहात उघडले, त्यांच्याकडे बघितलं आणि हळूहळू मान हलवायला लागले. नाही, नाही, अशी. चेहरा परत शांत होत गेला. मला तो चेहरा ओळखीचा होता, व्हरांड्यातला.

"न्हाय ताई," ते म्हणाले. माझी समजूत घालावी तसं, अगदी मऊ. "ते तुमचं शास्त्र असंल खरं. पर फूल मी ठिवलं व्हतं. तिसरी मांडणी, खालनं दुसरा कप्पा. पिवळं व्हतं. फूल ठिवलं म्हनून मारावी लागली."

"मामा, तुम्ही आत गेलाच नव्हता. मी गेले होते. मी एकटी."

"तुमी मला वाचवाया तवाबी असंच बोलला व्हता," ते म्हणाले आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "लई उपकार हायेत तुमचे."

मामींनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. भाकरी तशीच होती. मामा माझ्याबरोबर फाट्यापर्यंत चालत आले, सायकल नव्हती म्हणून रिकाम्या हातांनी, आणि एसटी आल्यावर त्यांनी कंडक्टरला सांगितलं की आमच्या ताईंना नीट जागा द्या.

खिडकीशी बसून मी डोळे मिटले. मला तो दिवस जसाच्या तसा हवा होता, निदान माझ्याजवळ तरी. आंघोळ, पांढरे कपडे, मास्क. दार उघडलं. भुशाचा उबदार वास. पहिली मांडणी, दुसरी मांडणी. मी खाणं घालत घालत माझ्या वाडीपाशी आले, खाली वाकले, आणि खालून दुसऱ्या कप्प्यात, पिंजऱ्याच्या मागे, पिवळं काहीतरी होतं.